‘लायसन्स आहे आमच्याकडे!’

हे तीन शब्द हल्ली कोणताही वाद मिटवण्यास पुरेसे ठरतात. लग्नमंडपात मद्याचे पाट वाहिले आणि कोणी हरकत घेतली, तर हेच उत्तर. अठरा वर्षे कालच पूर्ण केलेला मुलगा भरधाव मोटारसायकल हाकतो. त्याच्या पित्याचेही उत्तर हेच. जणू शासकीय शिक्का उमटला, की सदसद्विवेकबुद्धीने रजेवर जावे! या उत्तराविरुद्ध मला तक्रार मांडायची आहे. कारण ते उत्तरच नव्हे, ती एका शब्दाची विटंबना आहे.

या इंग्रजी शब्दाची घडण पाहा. ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर शेवटी ‘सी’, क्रियापद असेल तर ‘एस’. अमेरिकन लेखक दोन्हीकडे ‘एस’च लिहितात. या एका अक्षरासाठी शाळेत मुलांचे गुण कापले जातात. अर्थ चुकला तर मात्र कोणी गुण कापत नाही. शब्दाचे मूळ लॅटिन. ‘लिचेत’ म्हणजे ‘मुभा आहे’. त्यावरून झालेल्या ‘लिचेन्त्सिया’ या नामाला मात्र दोन अर्थ चिकटले: एक अनुज्ञा, दुसरा बेबंदपणा. इंग्रजीने दोन्ही उचलले. म्हणूनच त्या भाषेत परवानाधारक आणि स्वैराचारी या दोघांची नावे एकाच घरातून निघतात. आपल्या मराठीने ही गल्लत केली नव्हती. वडीलधारी देतात ती परवानगी, सरकार लिहून देते तो परवाना, स्वतःचा असतो तो हक्क आणि ताळतंत्र सुटतो तो स्वैराचार. इतके स्वच्छ शब्द घरात असताना आपण ते सारे ‘लायसन्स’च्या एका पोत्यात कोंबले आणि पोत्याचे तोंड बांधून टाकले.

कायदा तरी या शब्दाचा अर्थ काय सांगतो? मुंबई-वसईकडे ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा करार घरोघरी ठाऊक आहे. त्याचा पाया १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या बावन्नाव्या कलमात आहे. दुसऱ्याच्या स्थावर मिळकतीत एरवी जे करणे बेकायदेशीर ठरले असते, ते करण्याची मुभा म्हणजे लायसन्स. त्याने मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणजेच राहणारा हा धनी नव्हे. मद्याचेही तसेच. आपल्या राज्यातील १९४९ चा कायदा मूळचा दारूबंदीचा. परवाना हा त्या बंदीला दिलेला अपवाद. ‘परमिट रूम’ ही पाटी वाचताना ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात येते? ज्याच्या मुळाशी मनाई आहे, त्या कागदाला आपण सद्वर्तनाचे प्रशस्तिपत्र समजतो, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, ‘फादर, या देशात लायसन्स कसे मिळते ते आपण जाणताच, मग त्याला एवढे पावित्र्य कशाला?’ आक्षेप खरा आहे. राजाजींनी ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो याच संतापातून. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योगांखेरीज इतरांवरील परवान्याची सक्ती उठवली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु कागद विकत मिळतो म्हणून विवेकही स्वस्त व्हावा, हा कुठला न्याय? उलट, कागदाची किंमत जितकी कमी, तितकी माणसाची जबाबदारी अधिक.

चर्चच्या कार्यालयातही हा रोग शिरला आहे. अन्यपंथीय ख्रिस्ती व्यक्तीशी विवाह करताना १९८३ च्या धर्मविधानसंहितेनुसार अधिकाऱ्यांची अनुज्ञा लागते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह असेल, तर नुसती अनुज्ञा पुरत नाही. बाधेतून सूट मिळावी लागते. या दोन्हींसाठी आपल्या श्रद्धेला जपण्याची तयारी दाखवावी लागते, आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी व श्रद्धासंगोपनासाठी शक्य ते सारे करण्याचे प्रामाणिक वचन द्यावे लागते. पण प्रश्न येतो तो एवढाच, ‘कागद कधी मिळेल?’ वचनाविषयी कोणी विचारत नाही. सारे काही आपल्याला मोकळे आहे, असे म्हणणाऱ्या करिंथकरांना संत पौलाने बजावले होते, की मोकळीक असणे वेगळे आणि हितकारक असणे वेगळे. लॅटिन बायबलमध्ये त्या ठिकाणी हेच ‘लिचेत’ क्रियापद आहे. दोन हजार वर्षे होत आली, आपण अजून करिंथमध्येच आहोत!

आणि आता सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. दहावीच्या निकालाबरोबर मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली ठेवणारे आईबाप आपल्या धर्मग्रामांत थोडे नाहीत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची मुभा दिली आहे. आपल्या रस्त्यांवरील मोटारसायकली त्याहून कितीतरी मोठ्या. २०१९ च्या दुरुस्तीने तर पालकालाच जाब विचारला आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर त्यात पालकाची संमती होती असे न्यायालय गृहीत धरते. ती नव्हती, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

कायद्याने येथे नेमके मर्म ओळखले आहे. पहिला परवाना आरटीओ देत नाही; तो घरातून दिला जातो. खुंटीवरची किल्ली हाच तो परवाना. अठरा वर्षांनंतर मिळणारे कार्डही एवढेच सांगते, की अमुक दिवशी हा मुलगा चाचणीत उत्तीर्ण झाला. आज रात्री तो प्यायला आहे काय, मागे बसलेल्या मित्राच्या जिवाची त्याला पर्वा आहे काय, हे त्या कार्डावर छापलेले नसते. ते आईबापांनीच पाहायचे असते.

म्हणून माझी विनंती आहे, की ‘लायसन्स आहे का?’ हा प्रश्न पोलिसांसाठी ठेवा. घरात मराठीत विचारा: ‘बाळा, हे करणे योग्य आहे का?’ आणि उत्तर समाधानकारक नसेल, तर किल्ली खुंटीवरच राहू द्या. मुलगा चार दिवस रुसेल. रुसू द्या. रुसलेला मुलगा संध्याकाळी जेवायला घरी तरी येतो.