'डिजिटल'च्या भक्तांस

यंदा चवथीला आमच्या घरी माटोळीखाली एक खटलाच चालला. आरोपी माझा भाचा. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर झालाय, आणि त्याला बेंगळूरला जाऊन डेटा कन्व्हर्टरची ॲनालॉग सर्किटं करायची आहेत. "ॲनालॉग? ते संपलं रे! आता सगळं डिजिटल," एका काकांनी निकाल दिला. बाकीच्यांनी नेवऱ्या मोडत माना डोलावल्या. सॉफ्टवेअरमध्ये पगार लवकर वाढतो, हेही ऐकवून झालं.

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी कचेरीतला कारकून. पण ते 'संपलं' ऐकून माझं डोकं जे फिरलं ते अजून ताळ्यावर नाही.

अहो, संपलं म्हणजे काय? आवाज, उजेड, अंगातला ताप, छातीचे ठोके, यांतलं काहीही आकड्यांत जन्माला येत नाही. त्यांचे आकडे करावे लागतात, आणि ते करतो तो कन्व्हर्टर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तराजूवर मिरच्या तोलताना पाहिल्यात ना? अर्धा किलो टाकला, कमी पडला, राहू दे. पाव टाकला, जास्त झाला, काढ. मग अदपाव, मग त्याच्या निम्मं. पारड्यात राहिलेल्या वजनांची यादी म्हणजे आकडा. एका जातीचे कन्व्हर्टर नेमकं हेच करतात, फक्त सेकंदाला हजारो, लाखो वेळा, आणि वजनं असतात व्होल्टची. ती वजनंच खोटी निघाली, तर पुढचा संगणक कितीही हुशार असो, खोटंच मोजणार.

ती खरी ठेवण्यात माणसांचे जन्म जातात. अमेरिकेतल्या बर्नार्ड गॉर्डन यांचं बघा. १९५४ साली त्यांच्या एप्स्को कंपनीने 'डॅट्रॅक' नावाचा कन्व्हर्टर विकायला काढला. व्हॅक्यूम ट्यूबचं धूड, वजन १५० पौंड, वीज ५०० वॅट, किंमत आठ-नऊ हजार डॉलर. मोजायचा ११ बिट, म्हणजे २०४८ पायऱ्या, सेकंदाला ५०,००० वेळा. पुढे त्यांनी ॲनालॉजिक काढली. सीटी स्कॅनमधले क्षीण संकेत आकड्यांत आणणारी यंत्रणा त्या कंपनीने केली. १९८६ साली त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. सीटी स्कॅन काढून घेणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे नाव ठाऊक आहे? भाच्याने सांगेपर्यंत मलाही नव्हतं.

आणि काम सोपं झालं असंही नाही. २४ बिटांचा कन्व्हर्टर ५ व्होल्टपर्यंत मोजतो, तेव्हा त्याची एक पायरी व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान असते. दोन वेगळे धातू जोडले आणि जोडांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला, तर त्याहून जास्त व्होल्टेज आपोआप तयार होतं! तिथे वीस-वीस वर्षं हात भाजून घेतलेला माणूस लागतो. दर दोन वर्षांनी नवी भाषा शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातींत असला माणूस मिळत नाही.

आमच्या केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. तिथे तो तबकडीच्या खाचांत आहे, म्हणजे ॲनालॉग. तोच आपण मोबाइलवर ऐकतो तेव्हा एकदा त्याचे आकडे होतात आणि मग आकड्यांचा पुन्हा स्वर. केसरबाईंची मींड काही पायऱ्या मोजत चढत नाही. ती तशीच कानात उतरावी म्हणून कोणीतरी आयुष्य घातलेलं असतं, आणि आपण म्हणतो, 'ते संपलं'.

कबूल करतो, गेल्या वर्षी मीच त्याला आमच्या खात्यातल्या जागेसाठी अर्ज आणून दिला होता. 'कायम नोकरी' हा आम्हा गोंयकारांचा जुना आजार. पोराने तो भरलाच नाही.

आता तो बेंगळूरला आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, तीन आठवडे झाले, शेवटचा एक बिट सारखा हलतोय. कारण सापडत नाही."

मी म्हटलं, "शोध सावकाश. काकांना काय सांगायचं ते मी बघतो."