पंचेचाळिशीतला शागीर्द कोण घेईल?

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने काम बदलायचं ठरवलं, तर उदयनगरात त्याने जायचं कोणाकडे?

उदयनगर आपल्याच देवास जिल्ह्यात आहे, विंध्याच्या रांगेतलं, बागलीच्या जंगलपट्ट्याला लागून असलेलं गाव. इंदूरहून खुडैल, कंपेल मागे टाकून गेलं की लागतं. आजूबाजूची वस्ती भिलाला, बारेला, कोरकू लोकांची. पर्यटकांना ठाऊक असतो तो तिथून जवळचा कावडिया पहाड. मला बोलायचंय ते तिथल्या आणि तशाच शेकडो गावांतल्या अशा माणसाबद्दल, ज्याचं वय नोकरभरतीच्या जाहिरातीत बसत नाही आणि ज्याला अजून वीस वर्षं तरी कमवायचं आहे. सोयाबीनच्या मळणीला यंत्र आलं आणि त्याचे कामाचे दिवस घटले. किंवा ट्रक चालवता चालवता कंबर गेली. किंवा गावातलं छोटं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक मोटारसायकल काढून शहरात जायला लागलं. मुलं शिकताहेत, आईवडील थकलेत, कर्ज आहे. अशा माणसाला आपण एकच सल्ला देतो: जरा ओळखी वाढव.

सल्ला खोटा नाही, पण तो देणारा पुढचं सांगत नाही. कोणाशी ओळख वाढवायची आणि कशाच्या जोरावर?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली एक निबंध प्रसिद्ध केला. समाजशास्त्रात तो आजही पुन्हापुन्हा वाचला जातो. बॉस्टनच्या एका उपनगरात नुकतंच काम बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्याच्याकडून या कामाची खबर मिळाली, त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होतात? ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी फक्त 17 टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले, नेहमी. सुमारे 56 टक्के म्हणाले, अधूनमधून. उरलेले सुमारे 28 टक्के म्हणाले, क्वचितच. म्हणजे काम मिळालं ते जिवाभावाच्या मित्राकडून कमी आणि लांबच्या ओळखीतून जास्त. कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी खबर आणतो तो दुसऱ्या वर्तुळात वावरणारा.

आता हेच उदयनगरला लावून पाहा. तिथे माणसाला माणूस कमी नाही. अख्खा फळा, म्हणजे अख्खी वस्ती, त्याला नावाने ओळखते, लग्नकार्याला पाचशे माणसं उभी राहतात. पण त्या सगळ्यांचं पोट त्याच पावसावर, त्याच सोयाबीनवर आणि त्याच मजुरीवर चालतं. एकाचं काम गेलं तेव्हा दुसऱ्याचंही गेलेलं असतं. जीव लावणारी माणसं भरपूर आणि दुसऱ्या मुलखाची खबर आणणारं कोणी नाही, ही खेड्यातल्या पंचेचाळिशीची खरी अडचण आहे. शहरातला सुशिक्षित माणूस मात्र जुने सहकारी, कॉलेजचे सोबती, मुलांच्या शाळेतले पालक अशा पाच-सहा वर्तुळांत आपोआप असतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

देवासच्या मराठी वाचकाला किर्लोस्करांचं नाव सांगायला नको. पंपांचा कारखाना गावातच आहे. पण ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातलं 1910 हे वर्ष मला या विषयासाठी फार मोलाचं वाटतं. जन्म 1869 चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली म्हणून नोकरी सोडली. बेळगावला भावाबरोबर सायकलींचा धंदा केला, मग शेतीची अवजारं. त्यांचे लोखंडी नांगर कितीतरी दिवस विकले गेले नव्हते, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. हळूहळू जम बसत होता, तोच 1910 च्या सुरुवातीला बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. वय चाळीस. प्रपंच उभा, आणि यंत्रं ठेवायला छप्पर नाही.

त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातल्या देवळाच्या सभामंडपाचं काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जागा दिली आणि कर्जही दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेली ती बत्तीस एकर जमीन म्हणजे आजची किर्लोस्करवाडी.

ही गोष्ट आपल्याकडे उद्यमशीलतेची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला त्यात आणखी एक दिसतं. बाळासाहेबांच्या दारी लक्ष्मणराव अर्ज घेऊन आलेले अनोळखी गृहस्थ नव्हते. ते तिथे काम करत होते. मापं घेताना, माणसं हाताळताना, दिलेला शब्द पाळताना ते दिसत होते. राजाने जमीन दिली ती समोर दिसत असलेल्या कामाला, असं मी मानतो. पुढे वाडीवर जमलेली माणसंही पाहा. पुस्तकी अभ्यासात मन न रमलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रांत रमले. हिशेब आणि कोठार मंगेशराव रेग्यांनी सांभाळलं. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्यांना राखणीचं काम मिळालं. ज्यांना इतरांनी कुठे ना कुठे नापास ठरवलं होतं, त्यांना लक्ष्मणरावांनी कामाला लावून पाहिलं आणि मग ठरवलं.

कोणी म्हणेल, त्यांना राजा भेटला, उदयनगरच्या माणसाला कोण भेटणार? आक्षेप अगदी रास्त आहे. म्हणूनच "हिंमत धरा, सगळं होतं" असं मी लिहिणार नाही. दार आतून उघडणारं कोणी असावंच लागतं. आपल्या माळव्याने एके काळी अशी दारं उघडली आहेत. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे रघुनाथ कृष्ण फडके मूळ वसईचे. त्यांची कला मुंबईत नावारूपाला आलेली होती. वयाच्या पन्नाशीच्या आसपास ते धारला आले ते धारकरच झाले. पद्मश्री मिळाली 1961 साली, देह ठेवला 1972 साली, तोही धारलाच. धारमध्ये आजही जुनी माणसं फडके स्टुडिओचं नाव आदराने घेतात. धार-देवासच्या पवारांच्या दोन-तीन छोट्या संस्थानांत माणसाला वय न विचारता जागा देण्याची रीत होती, आणि तिचा आपल्याला अभिमान असायला हवा. इथे पुष्कळांना कुमार गंधर्व आठवतील, पण ते देवासला आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि आजारी होते. ती कहाणी वेगळी.

देवासचंच आणखी एक उदाहरण. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली, बेचाळिसाव्या वर्षी, थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून आले. हे काम त्यांना मिळालं ते माल्कम डार्लिंग या केंब्रिजच्या मित्रामुळे महाराजांशी जी ओळख झाली तिच्यातून. डार्लिंग पूर्वी महाराजांचे शिक्षक होते. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेचं यंत्र असलं सगळं फॉर्स्टरसाहेबांच्या गळ्यात पडलं. हे त्यांच्या प्रकृतीचं काम नव्हतं आणि सहाएक महिन्यांत ते परतले. पण कित्येक वर्षं अडून पडलेली त्यांची हिंदुस्थानावरची कादंबरी त्यानंतर पुरी झाली आणि 1924 साली प्रसिद्ध झाली. चिटणिशी टिकली नाही. त्या वयात दुसऱ्या मुलखात सहा महिने राहिल्याने त्यांचं खरं काम मात्र मार्गी लागलं.

राजे गेले. आज उदयनगरच्या भागात दार उघडण्याचं काम मला एका ठिकाणी नीट होताना दिसतं, आणि ते बायकांसाठी आहे. डॉ. मिहिर शाह आणि त्यांच्या सोबत्यांनी 1990 साली स्थापन केलेली समाज प्रगती सहयोग ही संस्था बागली तालुक्यातल्या नीमखेड्याहून काम करते. तिथल्या केंद्राला नाव आहे बाबा आमट्यांचं. बाबांनीही, आठवत असेल, पंचाहत्तराव्या वर्षी आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला बिऱ्हाड केलं होतं. या संस्थेने उभे केलेले बचत गट, 2012 साली निघालेली रामरहीम प्रगती ही शेतकरी बायकांची उत्पादक कंपनी आणि कुम्बाया हे शिवणकामाचं केंद्र, ही तिन्ही कामं या पट्ट्यात चालतात. बचत गटाच्या संघाच्या बैठकीला बाई जाते तेव्हा ती आपला फळा सोडून दुसऱ्या गावच्या बायकांत बसते. बियाण्याचा भाव, बँकेतला कोणता साहेब ऐकून घेतो, कुठे शिवणाऱ्या हातांची गरज आहे, हे तिला तिथे कळतं. ग्रॅनोव्हेटरांनी जी लांबची ओळख म्हटली, ती ही.

कुम्बायाचं काम तुकडे जोडून चादरी, गोधड्या शिवण्यापासून वाढलं. ज्याने हे काम जवळून पाहिलं नाही त्याला वाटतं, रंग जुळले की झालं. पण तुकडे आधी कापडाच्या जातीने वेगळे करावे लागतात. सुती तुकड्याला टेरिकॉटचा तुकडा जोडला, तर पहिल्याच धुण्यात सुती आकसतं आणि शिवणीला चुण्या पडतात. उभा धागा कोणता आणि आडवा कोणता हे कापड दोन्ही हातांत धरून ताणल्यावर समजतं, कमी ताणला जातो तो उभा. तिरकं कापलेलं कापड यंत्राखाली आपोआप लांबतं, ते ओढायचं नसतं, फक्त पुढे सरकू द्यायचं. हे कोणत्याही वर्गात फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. शेजारच्या यंत्रावरच्या बाईचे हात पाहूनच येतं. आणि जाणकार गिऱ्हाईक चादर उलटी करून मागची टीप पाहतं, तेव्हा त्या बाईची त्याच्याशी झालेली ओळख कोणाच्या चिठ्ठीने झालेल्या ओळखीपेक्षा पक्की असते.

पुरुषांसाठी असं काय आहे? सरकारी योजनांची चौकट पाहिली की उत्तर मिळतं. ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय कौशल्य योजना 15 ते 35 वयाची. बायकांना आणि काही वंचित गटांना ती 45 पर्यंत सवलत देते. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेला वरची वयोमर्यादा नाही, ही चांगली गोष्ट. अठरा व्यवसाय, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000, मग कर्ज. पण ती आहे आधीपासून त्या पिढीजात धंद्यात हाताने काम करणाऱ्यासाठी. सुतार असलेल्याला चांगला सुतार होता येतं. ड्रायव्हर असलेल्याला सुतार व्हायचं असेल, तर दार बंद. एक योजना तरुणाला विचारते, दुसरी मुरलेल्या कारागिराला. पंचेचाळिसाव्या वर्षी नव्याने शिकू पाहणारा दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. मुद्रा योजनेतून कर्ज मिळू शकतं, पण हातात कसब आणि बाजारात ओळख नसताना घेतलेलं कर्ज त्या वयात घर बुडवतं. वरची वयोमर्यादा न घालता नवशिक्या प्रौढासाठी सहा महिन्यांची पगारी उमेदवारी सरकारने काढली पाहिजे. ही मागणी मी या स्तंभातून पुन्हा करत राहीन.

काम बदलू पाहणाऱ्यालाही मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नोकरी मागायला जाऊ नका, चार दिवस शेजारी बसू द्या म्हणून जा. "भाऊ, मला तुमचं काम बघायचंय, पडेल ते करतो" या वाक्याला नकार देणारा कारागीर क्वचित भेटतो. आणि शिकवणारा पंचविशीचा असेल, तर त्याला उस्ताद म्हणताना जीभ अडखळू देऊ नका. पोरासारख्या माणसासमोर चुकायची लाज वाटते, म्हणून कितीतरी जण शिकायला जातच नाहीत. आपल्या समाजात वडीलधारेपण इतकं जपलं जातं, की त्या ओझ्याखाली माणूस उपाशी राहतो पण विद्यार्थी होत नाही. हे मला फार खुपतं.

उरतो आपण, म्हणजे देवास, धार, इंदूरचे मराठी वाचक. नोट छापखाना आणि किर्लोस्करांसारख्या कारखान्यांतून आयुष्य काढून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस आपल्या गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हातातलं कसब आणि बाजारातली ओळख दुपारच्या झोपेत संपून जाते आहे. आपल्या महाराष्ट्र समाजांच्या इमारती गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि व्याख्यानं सोडली तर बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. आठवड्यातली एक संध्याकाळ ती कुलपं काढा. पंप दुरुस्ती, मोटर भरणं, वह्या लिहिणं, जे येतं ते शिकवायला बसा. उदयनगर, बागली, कन्नौदकडच्या चाळिशी उलटलेल्या माणसांना निरोप पाठवा, त्यांचं बसभाडं मंडळाने द्यावं. ज्यांचं वर्कशॉप आहे, दुकान आहे, त्यांनी येत्या दिवाळीच्या आत चाळिशीपुढचा एक शागीर्द घ्यावा, पहिल्या दिवसापासून मजुरी देऊन. कोणी तयार असाल, तर या स्तंभाच्या पत्त्यावर कळवा. नावं जमली की पहिली यादी इथेच छापू.