पुसलेली सोळा नावे

शाळेत एखाद्या मुलाचे नाव कमी होते, तेव्हा हजेरीपटावर लाल शाईची रेघ पडते. बदली, स्थलांतर, फार दिवसांची गैरहजेरी, कारण काहीही असो, ते लिहावेच लागते. या महिन्यात वाचकांना अशा एका पटाची हकीकत सांगतो, जिथे नावे पुसली गेली ती कामावर हजर असलेल्यांची. पुसणारेही त्यांच्यासारखेच सैनिक होते.

'अमेरिकन लीजन' ही अमेरिकेतील माजी सैनिकांची मोठी संघटना. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली ती स्थापन झाली. तिच्या गावोगावच्या शाखेला 'पोस्ट' म्हणतात. आपल्या टपालाशी त्याचा संबंध नाही. गरजू सैनिकांना मदत करणे, शहिदांच्या कबरींवर झेंडे लावणे ही अशा पोस्टची नेहमीची कामे, आणि ती चांगलीच कामे आहेत. ओरेगॉन राज्यातील हूड रिव्हर गावचे पोस्ट क्रमांक २२ हे त्यांपैकीच एक.

हूड रिव्हरचे खोरे सफरचंद आणि नासपतीच्या बागांचे. जपानहून आलेल्या मजुरांनी तिथले जंगल तोडून, बुंधे उपटून बरीच जमीन लागवडीखाली आणली. पण कायद्याने त्यांना अमेरिकेचे नागरिक होता येत नव्हते, आणि १९२३ च्या ओरेगॉनच्या कायद्याने जमीन विकत घेण्याचीही बंदी झाली. तिथे जन्मलेली त्यांची मुले मात्र जन्माने अमेरिकन. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. पुढच्या मे महिन्यात या साऱ्या कुटुंबांना, नागरिक असोत वा नसोत, आगगाडीत बसवून छावण्यांत धाडण्यात आले. खटला नाही, सुनावणी नाही.

आणि त्याच घरांतली मुले अमेरिकेच्या फौजेत होती.

गावच्या न्यायालयाच्या भिंतीवर परिसरातील सुमारे १६०० सैनिकांच्या नावांचा सन्मानफलक होता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पोस्ट २२ ने त्यातील १६ जपानी नावे पुसून टाकली. म्हणे, ही मुले दुहेरी नागरिकत्वाची, त्यांची निष्ठा कोणाशी हे कोणी सांगावे! याच्या महिनाभर आधी फ्रान्सच्या जंगलात जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या ४४२ व्या तुकडीने जर्मनांच्या वेढ्यातून टेक्सासच्या पलटणीचे २११ जवान सोडवून आणले होते.

आपल्याकडे कोकणात, साताऱ्याकडे काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. आकडा असतो, नावे नसतात. तेही आम्हाला खटकते. पण लिहिलेले नाव खोडायला वेगळेच काळीज लागते.

त्या सोळांत फ्रँक हाचिया हे एक नाव होते. हा मुलगा फिलिपाईन्समध्ये लेटे बेटावर दुभाषा म्हणून लढत होता. शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करताना त्याला गोळी लागली आणि ३ जानेवारी १९४५ रोजी तो गेला. पुढे त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळाले. तो गेला तेव्हा गावच्या फलकावर त्याचे नाव नव्हते.

बातमी देशभर पसरली. वर्तमानपत्रांनी टीका केली, युद्धमंत्री स्टिमसन यांनी नापसंती दाखवली, रणांगणावरच्या गोऱ्या जवानांनीही संतापून पत्रे लिहिली. शेवटी लीजनच्या राष्ट्रीय प्रमुखांनीच पोस्टला नावे परत लिहायला सांगितले. एप्रिल १९४५ मध्ये १५ नावे परत आली. सोळावा सैनिक फौजेतून बडतर्फ झाला आहे, असे कारण देण्यात आले.

म्हणजे झाले का? नाही. फलक दुरुस्त करायला रंगाचा एक डबा पुरतो. त्याच हिवाळ्यात गावच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिराती झळकत होत्या : जपानी लोक इथे नकोत. खाली शेजाऱ्यांच्या सह्यांच्या रांगा. छावणीतून परतलेल्यांना काही दुकानदार माल देईनात. ज्या बाईकडून वर्षानुवर्षे साखर-पीठ घेतले, तिने नजर फिरवावी, हे एखाद्या ठरावापेक्षा जास्त लागते असे आम्हाला वाटते.

तरी सगळे गाव तसे नव्हते. मेथॉडिस्ट चर्चचे धर्मगुरू शर्मन बर्गॉइन यांनी उघडपणे या कुटुंबांची बाजू घेतली. त्यांच्यासह काही रहिवाशांनी संघटना काढली आणि परतलेल्यांना आधार दिला. गावातच राहून गावाच्या विरुद्ध बोलणे म्हणजे काय, हे लहान गावात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

फ्रँक हाचियाचे पार्थिव फिलिपाईन्सहून परत आणले गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये ते हूड रिव्हरच्याच कब्रस्तानात पुरण्यात आले.