संयमाचा बडेजाव

कुणाचं वजन वाढलं की निदानाला डॉक्टर लागत नाही. लग्नाच्या पंगतीत एखादी मावशी ते परस्पर करून टाकते: "तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!" मनाशी ठरवलं तर चार महिने कमी खाता येतं, हे खरं आहे, म्हणूनच हे मत इतकं टिकाऊ. मात्र पाचव्या महिन्यात काय होतं, याबद्दल संयमवादी मंडळी गप्प असतात.

मेलबर्नच्या संशोधकांनी लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांवर ठेवलं. त्यांचं सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं, म्हणजे निग्रह कमी पडला नव्हता. वर्षभरानंतर त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन चढलेलंच होतं आणि चरबीच्या साठ्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन उतरलेलंच. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

त्याहून बोलकी जुनी साक्ष अमेरिकेतल्या मिनेसोटाची. १९४४-४५मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं तत्त्वासाठी युद्धाला नकार देणारी; त्यांच्या मनोबलावर कोण शंका घेणार? तरीही ती ताटं चाटू लागली, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना.

मग सगळं हार्मोन्सवर ढकलून मोकळं व्हायचं का? तेही नाही. ही दुसरी सबब पहिलीइतकीच पोकळ आहे.

अमेरिकेतच संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधं, ताजं. पुढ्यात येणाऱ्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखेच; हवं तितकं खायची मुभा. कारखान्यातल्या अन्नावर लोक रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेले आणि जवळपास एक किलोने वाढले. चवीला दोन्ही सारखीच आवडली होती, त्यामुळे "जिभेचे चोचले" हे उत्तर इथे लागू पडत नाही. ताज्या अन्नावर मात्र तृप्तीची खूण देणारं पीवायवाय हे हार्मोन वाढलं आणि घ्रेलिन घटलं. माणसं तीच, मनोबल तेच. बदललं होतं ताट. २०१९चा हा प्रयोग लहान आणि अल्पकाळाचा होता, हे मान्य. पण नैतिक उपदेशाच्या बाजूने एवढाही पुरावा नाही.

संध्याकाळी चहाबरोबर खारी-बिस्किटं संपवणाऱ्याला संयमाचं प्रवचन देण्यापेक्षा त्या वेळी मटकीची उसळ किंवा फुटाणे हाताशी ठेवणं जास्त शहाणपणाचं. चावायला वेळ लागतो, तेवढ्यात पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो. वजनवाढीशी अनेकदा जोडल्या जाणाऱ्या पीसीओएस या स्त्रियांच्या हार्मोन-विकाराच्या बाबतीतही २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी कुठल्याही एका आहारपद्धतीला झुकतं माप दिलेलं नाही. वजनावरून होणाऱ्या हेटाळणीची दखल मात्र डॉक्टरांनी घ्यावी, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.