वाऱ्याला आरोपी का करायचे?

बिहारमध्ये सुलतानगंज आणि अगुवानी घाट यांना जोडणाऱ्या, गंगेवरील निर्माणाधीन पुलाचा काही भाग एप्रिल २०२२ मध्ये वादळात कोसळला. जोराच्या वाऱ्यामुळे तो पडला, असे उत्तर अधिकाऱ्याकडून मिळाले, तेव्हा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर कार्यक्रमातच आश्चर्य व्यक्त केले होते. वाऱ्याने पूल पडतोच कसा, हा त्यांचा प्रश्न मार्मिक होता. वारा पूल पाडू शकतो, हे इतिहासाने सिद्ध केले आहे. पण म्हणून वारा दोषी ठरतो का, हेही त्याच इतिहासाने सांगून ठेवले आहे.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा नॅरोज या सामुद्रधुनीवरचा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला. मधला गाळा ८५३ मीटरचा, रुंदी अवघी १२ मीटर. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या सकाळी तो पिळवटल्यासारखा डावी-उजवीकडे कलू लागला आणि तासाभरात पाण्यात कोसळला. वाऱ्याचा वेग होता ताशी सुमारे ६७ किलोमीटर. याहून कितीतरी प्रबळ वाऱ्याचा स्थिर दाब सोसेल, असा हिशेब करून तो बांधलेला होता.

मग चुकले कोठे? राज्याच्या अभियंत्यांच्या मूळ आराखड्यात मार्गाखाली साडेसात मीटर खोलीचा जाळीदार सांगाडा होता. लिऑन मॉयसीफ या ख्यातकीर्त अभियंत्याने त्याऐवजी अडीच मीटरहून कमी उंचीच्या सलग पोलादी तुळया सुचविल्या. पूल देखणा झाला, खर्चही वाचला. मात्र जाळीतून आरपार जाणारा वारा त्या सलग भिंतीवर अडला आणि वरून-खालून भोवरे सोडत निघाला. ध्वजस्तंभावरील ध्वजाला कोणी हलवीत नाही. संथ वाऱ्यातही तो स्वतःच फडफडतो. येथेही पूल किंचित कलला की वाऱ्याचा रेटा बदले आणि तो बदललेला रेटा त्याला आणखी कलवी. प्रत्येक हेलकाव्यागणिक पूल वाऱ्यातून नवी शक्ती शोषत गेला.

अनेक पाठ्यपुस्तकांनी या घटनेला अनुनादाचे उदाहरण ठरविले आहे. सैनिकांची तुकडी पुलावर पावले मोडून चालते, ती अनुनाद टाळण्यासाठीच. टॅकोमात मात्र बाहेरून ठेका देणारे कोणी नव्हते; पुलाची हालचालच घातक रेटा निर्माण करीत होती. बिल्ला आणि स्कॅनलन या संशोधकांनी १९९१ साली हा भेद स्पष्ट केला.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ओहायो नदीवरील व्हीलिंगचा झुलता पूल १८५४ मध्ये वादळानेच पाडला होता. जॉन रोबलिंगने त्यापासून धडा घेतला आणि १८५५ च्या नायगारा पुलाला वजन, ताठर सांगाडा व ताणाचे दोर दिले. पुढे गणित प्रगत झाले, सडपातळ पुलांची आवड वाढली आणि पूर्वसूरींनी किंमत मोजून मिळविलेले ज्ञान जुनाट ठरले. परंपरेतला अनुभव पारखून न घेता टाकून दिला की त्याचे मूल्य पुढच्या पिढीला मोजावे लागते.

तरीही अमेरिकेकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. प्राध्यापक फार्क्हारसन यांनी प्रतिकृतीवर वाऱ्याचे प्रयोग करून, तुळयांना भोके पाडावीत किंवा वारा वळविणारे पत्रे लावावेत, असे दुर्घटनेच्या अवघे काही दिवस आधी सुचविले होते. वेळ हाती राहिला नाही. पण त्यानंतर चौकशी झाली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले, वातबोगद्यातील चाचणी मोठ्या पुलांसाठी आवश्यक मानली जाऊ लागली. १९५० मध्ये त्याच जागी उभा राहिलेला दहा मीटर खोलीच्या जाळीदार सांगाड्याचा पूल आजही वाहतूक वाहतो आहे.

आपल्याकडे काय झाले? सुलतानगंजचा पूल जून २०२३ मध्ये पुन्हा कोसळला, ऑगस्ट २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. रचनेत गंभीर दोष असल्याचे रुडकीच्या आयआयटीतील तज्ज्ञांनी दाखविल्याचे २०२३ मध्ये खुद्द राज्य सरकारनेच सांगितले. म्हणजे वाऱ्याकडे बोट दाखवून विषय संपविण्याजोगा नव्हताच.

याच देशात जून २०२५ मध्ये जम्मूच्या पर्वतराजीत अंजी खड्डचा दोरांनी तोललेला रेल्वेपूल राष्ट्राला अर्पण झाला. ताशी २१३ किलोमीटर वेगाच्या वादळाला तोंड देण्यासाठी तो रचलेला आहे. आपल्या अभियंत्यांच्या ठायी सामर्थ्य आहे, याचा हा पुरावा. आणि म्हणूनच निष्काळजीपणाला क्षमा असू नये. पडलेल्या प्रत्येक पुलाचा चौकशी अहवाल संपूर्ण प्रसिद्ध व्हावा, तो अभियांत्रिकी महाविद्यालयांत अभ्यासला जावा, ही मागणी सुजाण नागरिकांनी लावून धरली पाहिजे. यशाचा उत्सव करणाऱ्या राष्ट्राने आपल्या अपयशाची वहीही तितक्याच निष्ठेने लिहावी. वारा तर वाहणारच आहे.