नफ्याला मालक, नुकसानीला परके

भोपाळच्या युनियन कार्बाईड कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला आला आणि जूनअखेर सरकारी खर्चाने जाळला गेला. कचरा कंपनीचा, धूर आणि खर्च मात्र आपल्या वाट्याला!

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायूगळती झाली आणि हजारो माणसे दगावली. भोपाळच्या कंपनीत अमेरिकन मूळ कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. भारत सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले. १९८९ मध्ये तडजोड झाली ती ४७ कोटींवर. २०१० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली ती भारतीय अधिकाऱ्यांना. मूळ कंपनीचे अध्यक्ष अँडरसन खटल्याला सामोरे न जाताच २०१४ मध्ये वारले. वाढीव भरपाईची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

बँकेत साध्या कर्जालाही अनेकदा जामीनदार लागतो. कर्जदाराने हप्ते थकवले की वसुली त्याच्याकडून होऊ शकते. मग लाभांश नेणाऱ्या मूळ कंपनीला जामीन का नको? हे अशक्य नाही. झांबियातील तांब्याच्या खाणीमुळे पाणी नासल्याची तक्रार तिथल्या गावकऱ्यांनी केली, तेव्हा मूळ कंपनी वेदांतावर इंग्लंडमध्येच दावा चालवण्यास ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुभा दिली.

परकीय कंपनीला कारखान्याची परवानगी देतानाच मूळ कंपनीचे लेखी हमीपत्र घ्यावे, असा कायदा हवा. मते मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, सभासदांनी याबद्दल जरूर विचारावे.