उन्हाचा आकडा खरा हवा : वऱ्हाडातील शेतकऱ्यांचे निवेदन

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
अमरावती विभाग, अमरावती.

विषय : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील सौर प्रारण मोजणाऱ्या यंत्रांचे नियमित अंशांकन होण्याबाबत.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की बातमी देशभर होते. पारा मात्र हवेचे तापमान सांगतो. पिकावर आणि सौर पॅनलवर ऊन किती पडले, हे त्याला ठाऊक नसते. ते काम पायरॅनोमीटरचे. काचेच्या घुमटाखालची काळी चकती तापते, काही मिलिव्होल्ट विद्युत दाब तयार होतो आणि त्यावरून दर चौरस मीटरला किती वॅट ऊन पडले ते निघते. काळा थर वर्षागणिक विटतो, आकडा सरकतो. म्हणूनच साधारण दर दोन वर्षांनी अंशांकन, म्हणजे कॅलिब्रेशन, लागते.

वरूड-मोर्शीचे संत्रा बागायतदार आणि अकोल्याचे कपाशी उत्पादक हा विषय आयुक्तांपुढे मांडत आहेत, कारण २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० राबवली जात आहे. शेतीला दिवसा मिळणारी वीज आता उन्हावर उभी राहते आहे. सौर प्रकल्पाची कार्यक्षमता काढताना निर्माण झालेल्या विजेला मोजलेल्या उन्हाने भागतात. यंत्राने ऊन ५ टक्के कमी दाखवले, तर ७६ टक्क्यांचा प्रकल्प कागदावर ८० टक्क्यांचा होतो. उन्हाळ्यात धूळ पॅनलवर बसते, तशी घुमटावरही बसते. दोन्ही सारखेच मळले, तर तोटा नोंदीत दिसतच नाही!

पाण्याचे गणितही याच आकड्यावर चालते. काचेच्या गोळ्याने कागदी पट्टी जाळून सूर्यप्रकाशाचे तास मोजतात. त्यातून सूत्राने प्रारण काढतात आणि पुढे ठिबकचे पाणी ठरते. स्थानिक मोजणी नसेल तिथे या सूत्रात ०.२५ आणि ०.५० हे गुणांक धरावेत, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये सुचवले. वऱ्हाडासाठी हे गुणांक इथल्याच उन्हावर पडताळलेले हवेत. अंबिया बहाराला ताण तोडून पाणी देणाऱ्या बागायतदाराला उसना आकडा परवडत नाही.

अशा पडताळणीसाठी परदेशी धावण्याची गरज नाही. अण्णा मणी यांनी पुण्याच्या हवामान खात्यात प्रारण मोजणारी यंत्रे देशातच घडवली आणि १९८० मध्ये भारताच्या सौर प्रारणाचा संदर्भग्रंथ दिला. दावोसला दर पाच वर्षांनी जगातील प्रमाण यंत्रे एकमेकांशी ताडून पाहतात. त्या साखळीशी जोडलेली प्रयोगशाळा पुण्यात आहे.

तरी अर्जदारांची मागणी अशी की, दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक सौर प्रकल्पाच्या पायरॅनोमीटरचा क्रमांक, दर्जा आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख संबंधित ग्रामपंचायतीत लावावी. घुमट पुसल्याची नोंद रोजच्या वहीत ठेवावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पुण्याहून पडताळून आणलेले एक संदर्भ यंत्र कायम ठेवावे. परिसरातील यंत्रे त्याच्याशेजारी ठेवून ताडता येतील आणि वऱ्हाडाचे गुणांकही तिथेच निघतील. कॅलिब्रेशनला दोन वर्षे उलटलेल्या यंत्रांची पहिली यादी मृग लागण्याआधी, म्हणजे ७ जूनपूर्वी, जाहीर करावी.

आपले नम्र,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील संत्रा आणि कपाशी उत्पादक शेतकरी